परदेशी शिकायला जाताना आपली ओळख: कुठं सांगायची, किती, आणि कुणाला?

उद्यमनगरची_पोर | ८ जून, रात्री १०:५२

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वडील कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर आहेत. मी मेकॅनिकल करून दोन वर्षं गोकुळ शिरगावला कास्टिंगच्या क्वालिटीत काम करते. पुढच्या वर्षी धातू आणि ओतकामात मास्टर्स करायला बाहेर जायचं चाललंय. यादीत तीन नावं आहेत: जर्मनीत आखेन आणि फ्रायबर्ग, आणि अमेरिकेत कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचं एक कॉलेज. फी, रँकिंग, एपीएस (जर्मनीसाठी लागणारी कागदपत्रांची पडताळणी), सगळी माहिती काढून झाली. जर्मनीसाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात, दाखवायचे, तो आकडा तर आता आईलाही पाठ झालाय.

अडलंय वेगळ्याच ठिकाणी. एसओपीत, म्हणजे प्रवेशअर्जासोबतच्या निवेदनात, मी लिहिलं होतं की मी दलित वस्तीत वाढले, घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, आणि वडिलांचे वाळूचे साचे बघत बघत मला धातूचा नाद लागला. कन्सल्टन्सीतल्या सरांनी पहिली दोन वाक्यं खोडली. म्हणाले, "जात तिकडं कुणाला कळत नाही, कशाला उकरून काढतेस? धातूवर लिही." वाईट मनानं नाही बोलले. पण घरी येईपर्यंत गाडीवर तेच डोक्यात फिरत होतं.

अकरावीपासून मी नाव सांगताना आडनाव गाळते. माझं नाव, वडिलांचं नाव, बस्स. "पुढं काय?" असं कुणी विचारलं की पोटात गोळा येतो. परदेशात गेल्यावर हे सुटेल असं वाटायचं. आता शंका येते, सुटेल की नुसतं माझ्याबरोबर विमानात बसेल?

त्यात राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला अर्ज करायचाय. तिथं जातीचा दाखला आणि पडताळणी आधी लागते. मिळाली तर सीव्हीवर तिचं नाव येणार, आणि ते वाचून तिकडच्या कुठल्याही मराठी माणसाला कळणारच. एका खिडकीवर सांगायचं आणि दुसरीवर लपवायचं, हे मला जमत नाहीये.

जे जाऊन आलेत किंवा तिकडं आहेत त्यांना विचारते. तुमची जात, धर्म, आणखी जे काही तुम्ही आहात, त्याचा विचार जायच्या आधी केला होता का? कॉलेज निवडताना केला का?

---

तांबडा_पांढरा | ८ जून, रात्री ११:१५

वाचतोय. माझा पण पुढच्या वर्षीचाच बेत आहे.

---

करवीरकर | ९ जून, सकाळी ७:३०

पोरी, तुझी जिद्द बघून बरं वाटलं. पण तुझ्या सरांचं मला पटतं. माझा मुलगा सहा वर्षं कॅनडात आहे. तिकडं सगळे आपण 'इंडियन'. कुणी जात विचारलेली नाही त्याला. शिकायला चाललीस, शिक्षणाचं बघ. ओळखीबिळखीचा विचार करत बसलीस तर पाय अडखळेल.

---

निळी_छत्री | ९ जून, दुपारी १:०५

काका, तुमच्या मुलाला विचारली नाही, कारण त्याचं आडनाव ऐकूनच विचारायची गरज उरली नसेल. राग मानू नका, हे मला स्वतःवरून कळलंय.

मी हातकणंगल्याची. २०१७ ते २०१९ अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर शिकले. जाताना मीही हाच विचार केला होता की आता सुटले. फ्लॅट मिळाला तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून, चौघी भारतीय, त्यातल्या दोघी मराठी. पहिल्याच आठवड्यात चहा पिताना: "कोल्हापूर म्हणजे नेमकं कुठं? आडनाव काय म्हणालीस? म्हणजे तुम्ही कोण?" मी सांगितलं. कुणी काही बोललं नाही, विषयही बदलला नाही. पुढच्या सोमवारी सकाळी कुकर घ्यायला गेले तर त्याच्या दांड्याला निळी चिकटपट्टी. "हा तुझा ठेव ना, सोपं पडेल." मग दोन ताटल्यांना पट्टी. मग फ्रीजमधल्या खालच्या कप्प्याला. घरात मटण चौघी खात होतो, त्यामुळे शाकाहाराचं कारणही नव्हतं. ती पट्टी उन्हाळ्यात सुटायला लागली की त्यातली एकजण अंगठ्यानं दाबून परत चिकटवायची. मी बघत असायचे.

कॉलेजच्या कार्यालयात गेले. तिथली बाई चांगली होती, पण तिचा पहिला प्रश्न होता, "कास्ट म्हणजे काय?" तीन भेटी मी तिला हेच समजावत होते. त्यांच्या भेदभावविरोधी धोरणात वंश होता, धर्म होता, अपंगत्व होतं, लिंग होतं, जात हा शब्दच नव्हता. तिसऱ्या भेटीनंतर मी जायचं सोडलं आणि खोली बदलली.

म्हणून तुला सांगते, धोरणात तो शब्द लिहिलेला असणं ही छोटी गोष्ट नाही. तो असला की तुला पहिल्या पायरीपासून शिकवत बसावं लागत नाही. ब्रँडाइस विद्यापीठानं डिसेंबर २०१९ मध्ये तो घातला. कॅलिफोर्निया स्टेटनं जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सगळ्या २३ कॅम्पसना लागू केला, म्हणजे तुझ्या यादीतलं कॉलेज त्यात आलं. सिअ‍ॅटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये कायदा केला. कॅलिफोर्निया राज्याचं विधेयक मात्र विधिमंडळात मंजूर होऊनही ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरनी नाकारलं. त्यामुळे तिथं कॅम्पसवर तुझ्या मागं नियम आहे, कॅम्पसबाहेरच्या नोकरीत तितका स्पष्ट नाही. हा फरक माहीत असू दे.

आणि एसओपी. ती दोन वाक्यं परत घाल. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी तिथं निबंध वाचला तो जातीवरच. तिकडं कुणाला कळत नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. तुझ्या वडिलांचा साचा आणि तुझी वस्ती वेगळ्या करून तुझी गोष्ट सांगताच येणार नाही.

---

करवीरकर | ९ जून, संध्याकाळी ६:४०

दोनदा वाचलं. कुकरचं वाचून आत हललं. मुलाला फोन लावला आणि सरळ विचारलं. तो म्हणाला, त्यांच्या घरातही एक मुलगा तीन महिन्यांत सोडून गेला होता, का ते आम्ही कुणी विचारलं नाही. माझं सकाळचं मत मी मागं घेतो.

---

उद्यमनगरची_पोर | ९ जून, रात्री ९:२०

निळी ताई, काय लिहू कळत नाही. वाक्यं परत घातली.

काका, तुम्ही फोन लावलात हेच खूप आहे.

---

आलो_गेलो | १० जून, रात्री १२:३५

माझी गोष्ट वेगळी आहे, पण तुझ्या 'खिडकी' शब्दापाशी थांबलो म्हणून लिहितोय.

मी ट्रान्स पुरुष. कोल्हापुरात मंगळवार पेठेत वाढलो, २०२३ मध्ये डब्लिनला मास्टर्सला आलो. आपल्याकडं पोरीही "मी आलो, मी जातो" म्हणतात. आजी, आई, आत्या, सगळ्या तशाच बोलतात. त्यामुळे लहानपणापासून मी माझ्याबद्दल जसं बोलायचो त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. पुण्यात हॉस्टेलवर पोरी पहिल्यांदा हसल्या तेव्हा कळलं की या बोलीनं मला किती वर्षं पदराखाली घेतलं होतं. परदेशात जाताना मला सगळ्यात जास्त हे सुटणार याचं दुःख होतं.

आता कामाचं. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मी २०२२ मध्ये घेतलं, राजपत्रात नाव बदललं, पासपोर्ट नव्या नावानं केला. पण डिग्री आणि गुणपत्रकं जुन्या नावाची. त्यासाठी आठ महिने हेलपाटे घातले. अजून एक गुणपत्रक तसंच आहे. ज्याचं नाव कागदांवर दोन तऱ्हेचं आहे, लग्नानंतर बदललेलं असो, आईचं नाव नंतर लावलेलं असो किंवा माझ्यासारखं, त्यानं वर्षभर आधी सुरुवात करावी. राजपत्राच्या प्रती आणि प्रतिज्ञापत्राचं इंग्रजी भाषांतर एकाच फाइलीत ठेवा. विमानतळावर, बँकेत, घरमालकाकडं, सगळीकडं तीच फाइल उघडावी लागते. माझे नियम २०२२ चे आहेत, तुम्ही अर्ज कराल त्या दिवशीचे बघा.

देश निवडताना मी दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या. एक कायदा, दुसरा दवाखाना. आयर्लंडमध्ये २०१५ मध्ये समलिंगी विवाहावर सार्वमत झालं, त्याच वर्षी लिंगओळखीचा कायदा आला. कागदावर यापेक्षा चांगलं काय हवं? पण इथं ट्रान्स उपचारांची प्रतीक्षा यादी कित्येक वर्षांची आहे. हे मला एका इथल्याच मुलानं आधी सांगितलं, म्हणून मी कोल्हापुरातल्या डॉक्टरांचं सविस्तर पत्र आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलो आणि पुढची सोय लावूनच विमानात बसलो. अमेरिकेचा विचार माझ्या मित्रानं सोडला. राष्ट्राध्यक्षांच्या २० जानेवारी २०२५ च्या आदेशानंतर तिथलं सरकार जन्माच्या वेळचं लिंगच धरतं, त्याचा पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद जुळेनात.

आणखी एक. आपण लांब आलो असं वाटतं, पण इथल्या गणपतीत काढलेला माझा एक फोटो आरती संपायच्या आत पेठेतल्या ग्रुपवर पोचला होता. आईला माहीत होतं, काकांना नव्हतं. त्यांचा फोन आला तेव्हा माझ्या हातात अजून प्रसादाची वाटी होती. इथं कुणाला सांगायचं ते ठरवताना तिथं कुणाला कळलेलं चालेल हेही ठरवा.

---

बावड्याचा | १० जून, सकाळी ९:१०

वरच्या प्रतिसादाला जोडून. माझा भाऊ रशियात एमबीबीएसला आहे. तिथं नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एलजीबीटी चळवळच 'अतिरेकी' ठरवली. जॉर्जियातही २०२४ मध्ये कडक कायदा झाला. आपल्या भागातून दोन्हीकडं किती पोरं जातात! एजंट फी सांगतो, मेसचं जेवण सांगतो, हे कोणी सांगत नाही. ज्याला लागू आहे त्यानं विचारलंच पाहिजे, आणि एजंटाला विचारणं सुरक्षित नसेल तर स्वतः शोधावं.

---

शाहूपुरीची_झेड | १० जून, दुपारी ४:२५

मी मुस्लिम, डोक्याला रुमाल बांधते. फ्रान्सला निघाले तेव्हा अब्बांना सगळ्यांनी घाबरवलं की तिकडं बंदी आहे. खरं असं आहे: २००४ चा कायदा सरकारी शाळांपुरता आहे, विद्यापीठाला लागू नाही. २०१० चा कायदा पूर्ण चेहरा झाकण्याविरुद्ध आहे. मी दोन वर्षं वर्गात रुमाल बांधूनच बसले. त्रास वर्गात झाला नाही. दुकानात अर्धवेळ काम शोधताना झाला, सहा ठिकाणी मुलाखतीनंतर उत्तरच आलं नाही. शेवटी विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या एका प्रकल्पात घरून करायचं काम मिळालं. तेव्हा कायदा काय म्हणतो आणि लोक काय करतात, दोन्ही विचारा, आणि अर्धवेळ कमाईवर भिस्त असेल तर दुसरं आधी विचारा.

---

उद्यमनगरची_पोर | १० जून, रात्री १०:००

आलो_गेलो दादा, "पदराखाली घेतलं" हे वाचून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आम्ही तर अजून तसंच बोलतो, ये म्हणावं घरी."

जर्मनीचं कोणी आहे का? धोरणात जात शब्द असण्याचं तिथं काय?

---

एल्बेकाठचा | ११ जून, रात्री ११:४८

मी कळंब्याचा, चार वर्षं ड्रेस्डेनला. फ्रायबर्ग आमच्यापासून ट्रेननं जवळ, तिथं माझे दोन मित्र शिकले. प्रामाणिकपणे लिहितो.

जर्मनीत २००६ चा समान वागणुकीचा कायदा आहे. त्यात वांशिक मूळ, लिंग, धर्म, अपंगत्व, वय, लैंगिक ओळख हे सगळं येतं. जात असा शब्द नाही. पण निळी ताईंच्या घरात झालं ते टाळायचा इथं सोपा मार्ग आहे. विद्यार्थी निवासाची खोली प्रतीक्षा यादीच्या क्रमानं मिळते, आडनाव बघून नाही. प्रवेश निश्चित होण्याआधीच त्या यादीत नाव टाक. ग्रुपवरच्या "इंडियन फ्लॅट, ओन्ली व्हेज" च्या जाहिराती पहिल्या वर्षी बघूच नकोस.

फ्रायबर्गचं विद्यापीठ १७६५ सालचं, खाणी आणि धातूंसाठी जगभर नाव आहे. तुझ्या वडिलांना तिथली ओतशाळा दाखवली तर ते दिवसभर बाहेर येणार नाहीत. प्राध्यापक जीव लावतात. पण गाव छोटं आहे आणि ते सॅक्सनीत आहे. सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत इथं एएफडीला, म्हणजे स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या पक्षाला, ३०.६ टक्के मतं पडली, पहिल्या पक्षाला ३१.९. म्हणजे ट्रॅममध्ये समोर बसलेल्या दहांपैकी तिघांचं मत तसं आहे. मला चार वर्षांत मारहाण झाली नाही. दोनदा रात्री स्टेशनवर शिव्या ऐकल्या, एकदा बसमध्ये शेजारची बाई उठून लांब जाऊन उभी राहिली. त्याच बसमधल्या एका आजीनं मला हात धरून तिच्या शेजारी बसवलं, तेही खरं आहे. तुला इथं कुणी जात विचारणार नाही, रंग मात्र सगळ्यांना दिसतो. कोल्हापुरात जे आडनावानं व्हायचं ते इथं तोंड उघडायच्या आत होतं. मी पुरुष आहे, साडेपाच फूट आणि तालमीत गेलेला. तुझा हिशोब तू वेगळा कर.

आखेन पश्चिमेला, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर. तिथं परदेशी विद्यार्थी इतके आहेत की वळून बघायला कुणाला वेळ नाही.

दोन्हीकडं विद्यार्थी संघटनेत परदेशी विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात. आत्ताच ईमेल कर. उत्तर किती दिवसांत आणि कसं येतं त्यावरूनच बरंच समजेल.

---

सुतार_मास्तर | १२ जून, सकाळी ६:५०

निवृत्त शिक्षक आहे. रोज दसरा चौकातून फिरायला जातो, कालपासून तुमचा धागा डोक्यात आहे.

त्या चौकात उभं राहिलं की मुस्लिम बोर्डिंग दिसतं, लिंगायत बोर्डिंग दिसतं. मराठा आणि जैन बोर्डिंग १९०१ ची, पुढं एकेका समाजाचं होत गेलं. शाहू महाराजांनी खेड्यातल्या पोराला शहरात आणताना तू कोण हे विसरून ये असं म्हटलं नाही. तू जो आहेस तसा ये, राहायची सोय मी करतो, असं केलं. मागासांसाठी नोकरीत ५० टक्के जागांचा आदेश २६ जुलै १९०२ चा, आणि तो निघाला तेव्हा महाराज स्वतः इंग्लंडमध्ये होते, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो. १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला शिकायला गेले त्यात महाराजांची मदत होती. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, तिथं दोघं एकाच व्यासपीठावर होते.

मुली, त्या शिष्यवृत्तीवर ज्यांचं नाव आहे ते तुझ्या गावचे राजे. सीव्हीवर पूर्ण लिही.

जाता जाता एक व्यवहाराचं: तिला जागतिक क्रमवारीची अट असते. यादीतली तिन्ही नावं त्या अटीत बसतात का ते या वर्षीच्या जाहिरातीत बघ.

---

उद्यमनगरची_पोर | १२ जून, रात्री ८:१५

मास्तर, बघितलं. फ्रायबर्ग बसत नाही, कॅलिफोर्नियाचं कॉलेजही नाही, आखेन बसतं. शिष्यवृत्तीशिवाय आमचं काही हलणार नाही, म्हणजे निम्मा निर्णय तिथंच झाला. फ्रायबर्गच्या ओतशाळेचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण एल्बेकाठचा दादा, तुमचं स्टेशनचं वाचल्यावर लॅबमधून रात्री नऊला एकटी चालत येणारी मी डोळ्यासमोर आली. तेही मी हिशोबात धरलं, आणि धरल्याची लाज वाटत नाहीये.

आखेनच्या विद्यार्थी प्रतिनिधींना ईमेल टाकलाय. जात म्हणजे काय हे त्यात चार ओळींत लिहिलंय. आडनावासकट सही केली. पाठवायचं बटण दाबताना हात थरथरत होता.

---

तांबडा_पांढरा | २० जून, दुपारी १२:०२

उत्तर आलं का?

---

उद्यमनगरची_पोर | २० जून, रात्री ९:३३

तिसऱ्या दिवशी आलं. लिहिणारी मुलगी तुर्की घरातली, जर्मनीतच जन्मलेली. म्हणाली, जातीबद्दल ऐकलं होतं पण कुणी असं लिहून कळवलेलं नव्हतं, आल्यावर भेट. शेवटी लिहिलंय की तिलाही शाळेत आडनाव सांगताना पोटात गोळा यायचा. मी पोटातल्या गोळ्याचं तिला लिहिलं नव्हतं.

---

उद्यमनगरची_पोर | पुढच्या वर्षी, १९ ऑगस्ट, रात्री १०:४०

धागा वर काढतेय. शिष्यवृत्ती मिळाली, व्हिसा आला, विद्यार्थी निवासात खोलीही मिळाली. सप्टेंबरअखेर निघते. कांदा-लसूण मसाला दोन किलो बांधून झालाय.

काल खोलीचा करार वडिलांना वाचून दाखवत होते. त्यात बेलवर आणि टपालपेटीवर लावायचं नाव विचारलंय. वडिलांनी विचारलं, "म्हणजे दारावर आपलं आडनाव लिहितात? सगळ्यांना दिसंल असं?" मी हो म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "स्पेलिंग नीट घाल, माझ्या आधारकार्डावर चुकलंय."

ते आडनावच लावतात ना, की खोली नंबर चालतो?

---

एल्बेकाठचा | २० ऑगस्ट, रात्री १:१५

आडनावच लागतं. खोली नंबरवर टपाल येत नाही. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन परत नेतो, आणि तुझं बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, सगळं टपालानंच येणार. चावी घ्यायला जाशील तेव्हाच पासपोर्टावरचं स्पेलिंग मोठ्या अक्षरात कागदावर लिहून हाउसमायस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, दे. दोन दिवसांत पट्टी लावतो. पट्टी लागली की वडिलांना फोटो पाठव.